सव्वातीन मिनिटे, पावणेचार मिनिटे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्या नानीला फ्लॅश सोसत नाही. कॅमेरा दिसला की ती ओढणी डोळ्यांवर ओढून घेते. गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी सगळे इफ्तारला जमले होते. दस्तरखान अंथरलेला, खोलीत एकच पिवळा बल्ब. माझ्या कॅमेऱ्यात ४०० वेगाचा कलर निगेटिव्ह रोल होता. त्या उजेडाला तो पुरणारा नव्हता. मी कॅमेऱ्यावरचा आकडा ४०० वरून १६०० वर नेला, फ्लॅश न लावता अख्खा रोल तसाच काढला आणि मनाशी म्हटले, उरलेले धुताना बघून घेऊ.

या 'धुताना बघून घेऊ'ला फोटोग्राफीत नाव आहे, पुश प्रोसेसिंग. फिल्मला उजेड कमी मिळाला आहे हे माहीत असताना ती डेव्हलपरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवायची, म्हणजे फिकट चित्राला जोर येतो. मोठ्या लॅब हे काम जास्त पैसे घेऊन करतात. मी ते घरी, न्हाणीघरात, बादलीभर गरम पाणी घेऊन केले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, रसायनशास्त्र नाही. पण ही गोष्ट घरी करता येते यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तिच्याने काय होत नाही यातही एक इतिहास आहे. दोन्ही सांगण्याजोगे वाटतात म्हणून हे लिहितो आहे.

कलप आणि फिल्म

कलर फिल्ममध्ये रंग आधीपासून भरलेले असतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. फिल्मवर जिलेटिनचे पातळ थर असतात आणि त्यांत चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. एक थर निळा उजेड टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा लाल. प्रत्येक थरात 'कपलर' नावाचा पदार्थ असतो. डेव्हलपर उजेड पडलेल्या स्फटिकांची चांदी करतो आणि ते करताना स्वतः बदलतो. बदललेला डेव्हलपर शेजारच्या कपलरला भेटला की तिथे रंग तयार होतो. निळ्याच्या थरात पिवळा, हिरव्याच्या थरात किरमिजी, लालच्या थरात निळसर हिरवा. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. शेवटी हातात राहतो तो फक्त रंग. चांदी आली, काम केले आणि निघून गेली.

हे अवघड वाटत असेल तर केसांना लावायचा कलप आठवा. बाजारातल्या बहुतेक पक्क्या कलपांत असेच होते. एक द्रव्य हवेतल्या किंवा पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनने बदलते, दुसऱ्याला भेटते आणि रंग केसात धरतो. रसायनशास्त्रज्ञ तिथेही दुसऱ्या द्रव्याला कपलरच म्हणतात. कलर डेव्हलपरमधले मुख्य रसायन आणि कलपातले पॅराफेनिलिनडायअमिन ही एकाच घराण्यातली भावंडे. लग्नाच्या हंगामात 'काळी मेहंदी' लावून ज्यांच्या हातावर फोड आले आहेत, त्यांना हे घराणे ठाऊक आहे. म्हणून घरी फिल्म धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. ही फुकटची सूचना नाही.

रंग असा थरातच जन्माला घालता येईल हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिशर याने १९१२ च्या सुमारास दाखवून पेटंट घेतले. पण कपलर आपल्या थरात टिकत नसत, शेजारच्या थरात झिरपत, आणि रंगांचा काला होई. यातून वाट काढायला जवळजवळ पाव शतक गेले.

रोल कंपनीकडे पाठवायचा

वाटा दोन निघाल्या. १९३५ साली कोडॅकने कोडाक्रोम आणली. तिच्यामागे लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघे होते. दोघांचाही पिंड संगीताचा, एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. त्यांनी कपलर फिल्ममध्ये ठेवलेच नाहीत, डेव्हलपरमध्ये घातले. परिणाम सुंदर, पण धुणे इतके किचकट की ते घरात कोणाला जमण्यासारखे नव्हते. दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, जर्मनीतल्या आग्फाने वेगळी युक्ती केली. कपलरच्या रेणूला लांबलचक शेपूट जोडले, म्हणजे तो जिलेटिनमध्ये अडकून बसला आणि झिरपायचा थांबला. आता एकाच डेव्हलपरमध्ये तिन्ही रंग एका वेळी उमटू लागले. १९४२ मध्ये कोडॅकने कोडाकलर ही कलर निगेटिव्ह फिल्म काढली. तिच्यात कपलर तेलाच्या बारीक थेंबांत कोंडलेले होते.

म्हणजे १९४२ मध्ये घरी धुता येईल अशा फिल्मचे रसायन जमले होते. तरी अमेरिकेतला माणूस ती घरी धूत नव्हता. रोलच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असत. रोल काढायचा आणि कंपनीकडे पाठवून द्यायचा. त्या देशात कलर फिल्मचा जवळजवळ सारा धंदा कोडॅकच्या हातात होता, त्यामुळे धुण्याचाही. दुकानदार, छोटी लॅब, हौशी माणूस, सगळे बाहेर.

डिसेंबर १९५४ मध्ये हे बदलले. अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोडॅकवर दावा लावला आणि कंपनीने तडजोडीचा हुकूम मान्य केला. फिल्मची किंमत वेगळी, धुण्याची वेगळी. शिवाय धुण्याची पेटंट आणि माहिती इतरांना द्यायची. त्यानंतर गावोगावी स्वतंत्र कलर लॅब उभ्या राहिल्या आणि हौशी लोकांसाठी रसायनांचे संचही विकले जाऊ लागले. रसायन तेच होते. कोर्टाच्या एका कागदाने ते लोकांच्या हाती आले.

कोडाक्रोमचे काय झाले तेही सांगतो. ती धुण्याचे यंत्र आणि रसायने शेवटपर्यंत थोड्याच लॅबपुरती राहिली. अखेरची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होती. तिने २०१० च्या डिसेंबरअखेर शेवटचे रोल स्वीकारले आणि कोडाक्रोमचे काम थांबवले. आज कोणाच्या पेटीत न धुतलेला कोडाक्रोमचा रोल निघाला तर तो त्याच्या मूळ रंगांत कुठेच धुवून मिळत नाही. साधी कलर निगेटिव्ह मात्र माझ्या न्हाणीघरात धुतली जाते. जी विद्या थोड्या हातांत राहिली ती त्या हातांबरोबर गेली. जी वाटली गेली ती उरली. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडचे चित्र वेगळे होते. परदेशी फिल्मच्या आयातीवर बंधने होती. सरकारने १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला आणि त्याची 'इंदू' ही काळी-पांढरी फिल्म पुढे घरोघर पोहोचली. आमच्या घरी अब्बा-अम्मीच्या लग्नाचे फोटो काळे-पांढरे आहेत आणि त्यातल्या दोनांवर स्टुडिओवाल्याने हाताने गुलाबी रंग भरला आहे. नानीच्या लग्नाचा एकही फोटो नाही. तिच्या तरुणपणीचा एकच आहे, तोही राशनकार्डापुरता.

शंभर ताप

१९७२ मध्ये कोडॅकने कोडाकलर २ या नव्या फिल्मबरोबर सी-४१ ही पद्धत आणली. आधीची सी-२२ सुमारे २४ अंशांवर चाले आणि तिला वेळही जास्त लागे. सी-४१ ने तापमान ३७.८ अंश केले आणि डेव्हलपरची वेळ ३ मिनिटे १५ सेकंदांवर आणली. ३७.८ हा आकडा विचित्र वाटेल, पण फॅरनहाइटमध्ये तो बरोबर १०० आहे. घरात कोणाला कणकण आली की आपण म्हणतो ना, 'शंभर ताप आहे,' तेवढाच ताप या डेव्हलपरला असावा लागतो. फूजी, आग्फा, कोनिका, सगळ्यांनी आपल्या फिल्म याच पद्धतीत धुता येतील अशा केल्या. म्हणून जगात कुठल्याही गावातली कलर निगेटिव्ह दुसऱ्या कुठल्याही गावात धुता येते. पन्नास वर्षे उलटली तरी सी-४१ टिकून आहे.

लॅबच्या यंत्राला तापमानात फक्त ०.१५ अंशाची सूट असते. घरी इतके नेमके जमत नाही, पण जवळ जाता येते. मी मोठ्या बादलीत ४० अंशांच्या आसपासचे पाणी घेतो आणि त्यात डेव्हलपरची बाटली, ब्लीच-फिक्सची बाटली आणि डेव्हलपिंगचा टँक अर्धा तास उभा ठेवतो. थंडीत बादलीत दोन-तीनदा गरम पाणी ओतावे लागते. सोलापुरात मे महिन्यात उलटा त्रास होतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणीच आधी गार करावे लागते.

फिल्म अंधारात, बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालून, रिळावर चढवायची आणि टँकमध्ये बंद करायची. त्यानंतर दिवा लावून काम करता येते. डेव्हलपर ओतला की घड्याळ सुरू. टँक हळूहळू उलटा-सुलटा करत राहायचा. सव्वातीन मिनिटे झाली की ओतून काढायचा आणि लगेच ब्लीच-फिक्स. घरच्या संचात बहुधा ही दोन द्रावणे एकत्रच येतात. मग धुणे, शेवटचे स्टॅबिलायझर, आणि दोरीला चिमटा लावून वाळत घालणे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा कुंडीत ओतू नये.

हे सगळे काम एखाद्या नमाजीने वजूचा क्रम पाळावा तसे आहे. पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून, फक्त इथे पुन्हा पहिल्यापासून करण्याची सोय नाही. रोल एकदाच धुतला जातो.

अर्धा मिनिट

आता पुश. फोटोग्राफीत उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड. ४०० ची फिल्म ८०० समजून वापरली तर एक स्टॉप, १६०० समजून वापरली तर दोन. म्हणजे नानीच्या फोटोंना हवा होता त्याच्या पावपट उजेड मिळाला होता. साधारण नियम असा की प्रत्येक स्टॉपला डेव्हलपरमध्ये अर्धा मिनिट वाढवायचा. एका स्टॉपला पावणेचार मिनिटे, दोन स्टॉपला सव्वाचार. काही संच यापेक्षाही जास्त वेळ सांगतात, तेव्हा आपल्या संचाबरोबरचा कागद वाचावा. आणि रोल एकाच आकड्यावर काढावा, कारण टँकमध्ये तो अख्खाच धुतला जातो. अर्ध्या रोलला सव्वातीन आणि अर्ध्याला सव्वाचार असे करता येत नाही.

हा अर्धा मिनिट नेमके काय करतो? उजेड पडलेल्या स्फटिकावर चांदीचे थोडेसे अणू एकत्र येतात, चार-पाचच. डोळ्यांना ते कधीच दिसत नाहीत. पण तेवढी खूण असली की डेव्हलपर तो अख्खा स्फटिक चांदीत बदलतो. जास्त वेळ दिला की खूण असलेले जास्त स्फटिक पुरते बदलतात आणि त्यांच्याभोवती जास्त रंग तयार होतो. म्हणून जिथे उजेड होता तिथे चित्र ठळक होते. जिथे खूणच पडली नाही, तिथे डेव्हलपरला काही सापडत नाही. त्याला आणखी वेळ दिला तर तो खूण नसलेल्या स्फटिकांनाही हात लावू लागतो, आणि सगळीकडे सारखे धुके चढते. त्या धुक्यात चित्र नसते.

पुशमध्ये उजळ भाग आणखी उजळतात, मधले भाग वर येतात आणि सावल्या होत्या तिथेच राहतात. काळे-पांढरे आणि कलर यात आणखी एक फरक आहे. काळ्या-पांढऱ्या फिल्मला पुशमुळे दाणे मोठे दिसतात आणि छायाप्रकाशातला फरक वाढतो. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर तेवढे चालवून घेत. कलरमध्ये थर तीन. डेव्हलपर वरच्या थरात आधी पोहोचतो, खालच्यात शेवटी. वेळ वाढवली की तिन्ही थर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मग उजळ भागाला एक झाक येते आणि सावलीला दुसरी. एकीकडचा रंग दुरुस्त करायला जावे तर दुसरीकडचा बिघडतो.

तरीही पुशने मोठी कामे झाली आहेत. स्टॅनली कुब्रिकच्या १९७५ मधल्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये आहेत. छायाचित्रणकार जॉन ऑलकॉट याने ती १०० वेगाच्या कलर निगेटिव्हवर टिपली आणि लॅबमध्ये एक स्टॉप पुश करून घेतली. पण लोक पुशचीच गोष्ट सांगतात, भिंगाची विसरतात. कुब्रिकने त्यासाठी झाइस कंपनीचे ०.७ छिद्राचे भिंग मिळवले होते, जे नासाच्या कामासाठी बनवले गेले होते. इतके उजेड ओढणारे भिंग त्या काळी दुसरीकडे मिळणे कठीण. शिवाय मेणबत्त्या भरपूर लावल्या होत्या. म्हणजे त्या उस्तादांनी आधी उजेड गोळा केला, उरलेल्या एका स्टॉपसाठी पुश केले. मी उलटे केले होते. उजेड गोळाच केला नव्हता.

फिल्मच्या डब्यावरचा आकडाही जरा तपासून घ्यावा असा आहे. १९६० मध्ये अमेरिकेतले फिल्मच्या वेगाचे मानक बदलले. चुकीला वाव म्हणून जे जास्तीचे प्रमाण धरलेले होते ते काढून टाकले आणि बऱ्याच काळ्या-पांढऱ्या फिल्मचा आकडा जवळपास दुप्पट झाला. फिल्म तीच, कारखाना तोच. आकडा वाढला म्हणून तिला अंधारात जास्त दिसू लागले नाही. मी कॅमेऱ्यावर ४०० चे १६०० केले तेव्हा माझ्या रोलचेही तेच झाले होते.

कोणाचा चेहरा

रोल धुवून, वाळवून, स्कॅन करून मी पडद्यावर पाहिला. दस्तरखान छान आला होता. कलिंगडाच्या फोडी, स्टीलचे पेले, नानीची पांढरी ओढणी, तिचे पांढरे केस, सगळे ठळक. खोलीला जरा हिरवट झाक. पण नानीचा चेहरा? गालाचे हाड आणि नाकाची कड तेवढी होती. डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी खळगे. मी मोबाइलवर तिला दाखवले. तिने तो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "मेरे आँखां कहाँ गए रे?"

तिचा प्रश्न बरोबर होता. ओढणी उजेड परत फेकते, सावळी कातडी कमी फेकते. बल्ब डोक्यावर, म्हणून डोळे भुवयांच्या सावलीत. जिथे उजेड सर्वांत कमी होता तिथेच आम्हाला पाहायची सर्वांत जास्त गरज होती. पुशने ओढणीला जोर दिला, डोळ्यांना दिला नाही.

यात चूक माझी होती, फिल्मची नाही. पण फिल्मच्या इतिहासातही हा प्रश्न आहे. लॅबवाल्यांना रंग जुळवून घ्यायला कोडॅक एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण सुरुवातीच्या एका मॉडेलचे नाव शर्ली होते. अनेक वर्षे त्या कार्डावर गोऱ्या कातडीच्या बाईचाच फोटो असे. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिले. कोडॅकमधल्या माणसांशी बोलून त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. फिल्मला तपकिरी रंगांतले बारकावे नीट टिपता यावेत असा आग्रह ज्यांनी धरला त्यांत लाकडी फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले होते. अक्रोड आणि सागवान वेगळे दिसत नाहीत, गडद आणि दुधी चॉकलेट सारखेच दिसते, अशी त्यांची तक्रार. तपकिरी चेहऱ्यांच्या माणसांची तक्रार तिथे पोहोचायला वेळ लागला. नंतर फिल्म सुधारल्या, वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डेही आली.

म्हणजे फोटोत कोण नीट दिसेल हे धुण्याच्या टँकमध्ये ठरत नाही. ते बरेच आधी ठरलेले असते. समोर कोण असेल, उजेड कोणाच्या तोंडावर पडेल, नमुना कोणाचा धरला जाईल, तिथेच.

कमरा

आता थोडे माझ्या विषयाचे. आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला ना? व्हॉट्सॲपवर आलंय." त्या संदेशात इब्न अल-हैसमचे नाव होते, शेवटी 'गर्वाने शेअर करा' असेही होते. मुलाचे डोळे चमकत होते. मला हो म्हणायला फार आवडले असते.

खरे असे आहे. 'कॅमेरा' लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने १६०४ मध्ये वापरले. उर्दूतला 'कमरा' अरबी नाहीच. तो पोर्तुगीजांच्या 'कामारा'वरून आला, आणि तो पुन्हा त्याच लॅटिन शब्दाचा मुलगा. म्हणजे आपला कमरा आणि कॅमेरा हे भाऊ आहेत खरे, पण अरबस्तानातून आलेले नाहीत.

इब्न अल-हैसमला या खोट्या वंशावळीची गरजही नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य संपवलेल्या या माणसाने हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाजिर' लिहिली. त्याने अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर ओळीने दिवे ठेवले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे राहिले. उजेड सरळ रेषेत जातो आणि छिद्रात एकमेकांत मिसळत नाही, हे त्याने असे दाखवले. अंधाऱ्या खोलीला तो 'अल-बैत अल-मुज्लिम' म्हणतो, अंधारे घर. हे सगळे लिहिलेले आहे. त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि १५७२ मध्ये ते युरोपात छापलेही गेले. हे मी त्या मुलाला सांगितले. त्याचा चेहरा जरा उतरला, मग त्याने विचारले, "ते दिव्याचं आपण वर्गात करू शकतो का?" आम्ही केले. खोक्याला छिद्र पाडून, तीन मेणबत्त्या लावून.

आपल्या समाजाच्या इतिहासाला उजेड कमी मिळाला, ही तक्रार खरी आहे. पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत, वर्तमानपत्रांत आपल्या घरांचे चेहरे सावलीत राहिले. पण त्यावर आपण जो उपाय करतो तो बहुधा पुशचा असतो. जे आहे तेच भडक करायचे आणि जिथे काही नाही तिथे 'गर्वाने शेअर करा'चे धुके चढवायचे. त्याने डोळे येत नाहीत.

दाराजवळ

पुश करू नये असे मी म्हणत नाही. एक स्टॉपपर्यंत आजच्या कलर निगेटिव्ह पुष्कळ सोसतात. एवढ्यासाठी काही जण वेळ वाढवतही नाहीत, स्कॅनमध्ये सांभाळून घेतात. अंधारात दुसरा उपाय नसेल, समोरचा क्षण पुन्हा येणारा नसेल, तर पावणेचार मिनिटे जरूर द्यावीत. दाणेदार का होईना, काहीतरी हाती लागते. मिळालेला उजेड वाया जाऊ नये एवढ्यासाठी पुश आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानीची खुर्ची उचलून अंगणाकडच्या दाराशी ठेवली. ऊन थेट तिच्या तोंडावर नको म्हणून दाराला पांढरी चादर लावली. कॅमेऱ्यावर आकडा ४०० च ठेवला, उलट थोडा जास्तच उजेड दिला, कारण निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. रोल छत्तीस फोटोंचा होता. घाई नव्हती. माझी मुलगी तिच्याजवळ बसून तिला तिच्या लग्नाबद्दल विचारत राहिली. वरात बैलगाडीने आली होती का, रुखसतीला कोण कोण रडले, दालच्याच्या किती देगा चढवल्या होत्या. त्या लग्नाचा एकही फोटो नाही आणि कुठल्याही डेव्हलपरने आता तो निघणार नाही. पण सांगणारी दाराशी उजेडात बसली होती. मुलीने तिचे बोलणे फोनवर टिपून घेतले.

त्या संध्याकाळी पाणी तापवले, बादली भरली, टँक बंद केला. मुलीने घड्याळ धरले.

"अब्बू, या वेळी किती?"

"सव्वातीन," मी म्हटले.